रोखपालाने ड्रॉप घेणं सोडलं: पार्किन्सनच्या औषधातून उभं राहिलेलं एक प्रकरण

ओळख पटू नये म्हणून गाव, नोकरीतले काही तपशील आणि तारखा थोड्या हलवल्या आहेत. 'भाऊ' असं या रुग्णाला घरात किंवा बाहेर कुणी म्हणत नाही. लिहायला त्यांनी आणि वहिनींनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, परवानगी दिली. मुलगी म्हणाली, "लिहा, पण माझ्याबद्दल कमी लिहा." म्हणून ती इथे कमी आहे.

पार्श्वभूमी

भाऊ तालुक्याच्या गावी एका सहकारी पतसंस्थेत रोखपाल. २०१९ मध्ये माझ्याकडे पहिल्यांदा आले तेव्हा वय ४८. तक्रार एवढीच, की नोटा मोजताना उजवा अंगठा मागे राहतो. मशीन असलं तरी बंडल एकदा हाताने मोजायची त्यांची सवय, आणि तेच बंडल आता तीनदा मोजावं लागत होतं. सोबत घरखर्चाची वही आणली होती. जानेवारीतलं अक्षर टपोरं, ऑगस्टमधलं मुंग्यांच्या रांगेसारखं, ओळीच्या शेवटी आणखी बारीक होत गेलेलं. चालताना उजवा हात हलत नव्हता. पार्किन्सनच्या निदानाला फार वेळ लागला नाही.

पन्नाशीच्या आतला माणूस, नोकरीची दहा वर्षं शिल्लक. या आजारात डोपामाइन हे मेंदूतलं निरोप पोचवणारं रसायन कमी पडतं, आणि लेवोडोपा हे औषध मेंदूत गेल्यावर तेच होतं. पण अशा वयात लेवोडोपा वर्षानुवर्षं दिलं की अंगाला नको त्या हालचाली लवकर सुरू होतात. म्हणून आधी डोपामाइन अ‍ॅगोनिस्ट द्यायचं आणि लेवोडोपा जमेल तितकं पुढे ढकलायचं, असा आमच्यात प्रघात आहे. अ‍ॅगोनिस्ट म्हणजे स्वतः डोपामाइन नसलेलं, पण डोपामाइनच्या कुलपाला बसणारी किल्ली असलेलं औषध. मी प्रॅमिपेक्सॉल दिलं. लहान मात्रेपासून चढत चढत दोन वर्षांत ते दिवसाला ३ मिग्रॅवर आलं.

अक्षर सुधारलं. भाऊंनी वही पुन्हा आणून दाखवली आणि मी खूश झालो. ती खुशी आता आठवली की ओशाळायला होतं, कारण नेमक्या त्याच महिन्यांत दुसरं काहीतरी सुरू झालं होतं आणि मी वहीतलं अक्षर बघत बसलो होतो.

अडचण

गणपतीत रात्री जागवायला मंडळात रमी बसते. त्या फडात भाऊ भित्रे म्हणून प्रसिद्ध होते. पानं वाईट आली की पहिल्याच फेरीत पॅक. अ‍ॅपवरच्या रमीत यालाच ड्रॉप म्हणतात. सुरुवातीलाच ड्रॉप घेतला तर २० गुण जातात, मधेच सोडला तर ४० आणि शेवटपर्यंत बसून हरलात तर ८० पर्यंत. थोडक्यात, २० वर पाणी सोडून उठायचं की ८० चा धोका पत्करून बसायचं, एवढाच हिशेब. भाऊंना तो कुणी शिकवायची गरज नव्हती.

२०२१ च्या पावसाळ्यात त्यांनी फोनवर रमीचं अ‍ॅप घेतलं. दीडेक वर्षाने मुलीने त्यांच्या खेळाची नोंद काढली, तेव्हा शेवटच्या ३०० डावांत ड्रॉप होते फक्त चार. मला सगळ्यात जास्त हा आकडा खटकला. गेलेल्या पैशांपेक्षाही जास्त. आयुष्यभर वेळेवर उठणारा माणूस बसूनच राहायला लागला होता.

सप्टेंबर २०२२ च्या भेटीत हे माझ्या हाती यायला हवं होतं. मी नेहमीचे प्रश्न विचारले: कंप, पोट साफ होतं का, पडलात का. भाऊ भरभरून बोलत होते. वहिनी मागे उभ्या होत्या. निघता निघता त्या म्हणाल्या, "रात्री झोपतच नाहीत हो. फोन घेऊन हॉलमध्ये बसतात. आणि गोड फार खातात, गुळाचा डबा पुरत नाही." मी झोपेची गोळी लिहून दिली. गुळावर तिघेही हसलो. आजारी माणसाने गोड मागितलं तर आपल्याकडे ते बरं होण्याचं लक्षण समजतात.

जानेवारी २०२३ मध्ये वहिनी एकट्या आल्या. हातात किराणा दुकानाची प्लास्टिकची पिशवी, पिशवीत मुलीने यूपीआयमधून काढलेली व्यवहारांची यादी. ५००, ५००, १०००, ५००. वेळ रात्री दोन चाळीस, दोन त्रेचाळीस, दोन एकोणपन्नास. एका महिन्याची यादी अकरा पानं. सतरा महिन्यांत ६ लाख ४० हजार गेले होते. वहिनींच्या पाटल्या 'लॉकरमध्ये' होत्या त्या प्रत्यक्षात दुसऱ्या गावच्या बँकेत तारण होत्या.

घरच्यांनी आपल्या परीने उपाय करून पाहिला होता. वहिनींच्या भावाने भाऊंना जेजुरीला नेलं आणि भंडारा उचलून शपथ घ्यायला लावली. भाऊ देवभोळे आहेत. ती शपथ त्यांनी मनापासून घेतली आणि तिसऱ्या रात्री मोडली. त्यानंतर दोन दिवस जेवले नाहीत, पण त्या दोन रात्रीही खेळले. वहिनींना वाटत होतं की माणूस बिघडला. मला ते शपथेचं ऐकलं तेव्हाच औषधाची शंका आली. खोटं बोलणारा माणूस शपथेनंतर उपाशी राहत नाही.

मेंदूत काय चाललं होतं

पार्किन्सनमध्ये मेंदूच्या मुळाशी असलेल्या सब्स्टॅन्शिया नायग्रा या काळसर पट्ट्यातल्या डोपामाइन तयार करणाऱ्या पेशी मरत जातात. पण झळ सगळीकडे सारखी बसत नाही. या पेशी जिथे डोपामाइन पोचवतात त्या स्ट्रायटम या मेंदूतल्या केंद्राचा, हालचालींचं काम बघणारा वरचा भाग आधी कोरडा पडतो. बक्षीस, ओढ, हाव यांच्याशी जोडलेल्या खालच्या भागाला पहिली काही वर्षं बऱ्यापैकी पुरवठा चालू असतो.

आमच्या भागात हे समजवायला कालव्याचं उदाहरण पुरतं. टेलच्या शेतकऱ्याला पाणी पोचत नाही म्हणून विसर्ग वाढवला, तर टेलचा ऊस तरतो, पण तोंडाशी असलेली रानं पाणथळ होतात आणि पुढे क्षारपड. पाणी तेच. भाऊंचा अंगठा टेलला होता आणि रमी कालव्याच्या तोंडाशी. शिवाय प्रॅमिपेक्सॉल डोपामाइनच्या डी-३ ग्राहकांना (म्हणजे मघाच्या कुलपांच्या एका प्रकाराला) जास्त चिकटतं आणि हे ग्राहक याच खालच्या, हावेच्या भागात दाट आहेत.

पण पुराच्या पाण्याने सगळं उलगडत नाही. ड्रॉप का सुटला, हा खरा प्रश्न.

मेंदूशास्त्रज्ञ वोल्फ्राम शुल्त्स यांनी माकडांवर केलेले प्रयोग इथे उपयोगी पडतात. अनपेक्षित रस मिळाला की माकडाच्या डोपामाइन पेशी जोरात कडाडतात. रस मिळणारच हे कळून चुकलं की तो मिळाल्यावर कडाडत नाहीत. आणि मिळायला हवा होता तो मिळाला नाही, तर त्या क्षणी नेहमीची बारीक टिकटिकही थांबते. ती क्षणभराची शांतता म्हणजे मेंदूतली ठेच. स्ट्रायटममध्ये दोन वाटा आहेत: एक 'कर' म्हणणारी, दुसरी 'थांब' म्हणणारी. डोपामाइन वाढलं की पहिलीला जोर मिळतो. ते खाली गेलं की डी-२ ग्राहकांवरचा दाब सुटतो आणि दुसरी वाट बोलू लागते. 'थांब' शिकायला ही शांतता लागते.

आता तिथे दिवसातून तीनदा अ‍ॅगोनिस्ट ओता. त्याची निम्मी मात्रा शरीरातून जायला आठ ते बारा तास लागतात, म्हणजे ते रात्रंदिवस कुलपात बसून असतं. पेशी गप्प झाल्या तरी ग्राहकाला ते कळतच नाही. जिंकल्याचा कडाड ऐकू येतो, हरल्याची शांतता भरून निघते. मायकेल फ्रँक आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये पार्किन्सनच्या रुग्णांवर नेमकं हे दाखवलं: औषध चालू असताना रुग्ण बक्षिसातून चांगलं शिकतात, औषध बंद असताना चुकीतून.

भाऊंनी मला हे त्यांच्या शब्दांत आधीच सांगितलं होतं, मला तेव्हा कळलं नाही. "डॉक्टर, हरल्याचं काही वाटतच नाही. पैसे गेले हे माहीत असतं. वाटत नाही."

एक गैरसमज इथेच काढून टाकतो. यावरून 'डोपामाइन वाढलं की माणूस उतावळा होतो' असा निष्कर्ष निघत नाही. एडीएचडी (लक्ष न टिकणं आणि अतिचंचलपणा) असलेल्या मुलांना मिथाइलफेनिडेट देतात तेव्हा मेंदूच्या पुढच्या भागात डोपामाइन वाढतं आणि मूल उलट थांबायला शिकतं. लगाम कमी डोपामाइननेही ढिला पडतो आणि जास्तीनेही. ते कुठे आहे आणि वेळेवर वर-खाली होतंय का, हे महत्त्वाचं. मोबाइल चार दिवस कपाटात ठेवून 'डोपामाइन डिटॉक्स' करणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, पण डोपामाइन हे काही आतड्यातलं विष नव्हे.

हे दुर्मीळ आहे का? नाही, आणि माझी चूक मोठी ठरते ती यामुळेच. अमेरिका-कॅनडातल्या ४६ केंद्रांमधल्या ३,०९० रुग्णांचा अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. जुगार, खरेदी, खाणं किंवा लैंगिक वर्तन यांपैकी काहीतरी ताब्याबाहेर गेलेले रुग्ण अ‍ॅगोनिस्ट घेणाऱ्यांत १७.१ टक्के होते, न घेणाऱ्यांत ६.९ टक्के. कमी वय आणि घरात जुगाराचा इतिहास या दोन्हींनी धोका वाढतो. भाऊंचे वडील मटका लावायचे. हे मला २०२३ मध्ये कळलं, कारण २०१९ मध्ये मी विचारलं नव्हतं.

समोरचे पर्याय

पहिला, घरच्यांचा पर्याय: फोन काढून घ्या, पैसे हाती देऊ नका, औषध आहे तसं ठेवा. अक्षर चांगलं राहील. पण मग भाऊ गुळावर, लॉटरीवर, आणखी कशावर जातील हे सांगता येत नव्हतं.

दुसरा, अ‍ॅगोनिस्ट त्याच दिवशी बंद. मुलीचा आग्रह हा होता. अचानक बंद केल्यास शरीर आखडू शकतं, आणि मनावर होणारा परिणाम वेगळाच.

तिसरा, व्यसनमुक्ती केंद्र. वहिनींच्या भावाने चौकशीही केली होती. मी स्पष्ट नको म्हटलं. कारण गोळीत असताना माणसाला तीन महिने कोंडून, तीच गोळी चालू ठेवून काय मिळणार?

चौथा, मन शांत करणारी औषधं. यातली बरीचशी डोपामाइन अडवतात, म्हणजे पार्किन्सन वाढवतात. मोजकीच चालतात, तीही गरज असेल तरच.

पाचवा, अ‍ॅगोनिस्ट हळूहळू उतरवत लेवोडोपा सुरू करणं. जे चार वर्षं पुढे ढकललं ते आता घ्यायचं. नको त्या हालचाली पुढे येतील, हे स्वीकारून. आम्ही हा निवडला.

काय केलं, आणि कुठे चुकलं

पाचवा पर्याय निवडला, पण राबवताना घाई केली. घरात रोज रात्री रडारड, मुलगी रजा काढून आलेली, सगळ्यांना लवकर निकाल हवा होता. मी एका आठवड्यात मात्रा ३ वरून १.५ वर आणली आणि लेवोडोपा सुरू केलं.

दहाव्या दिवशी पहाटे वहिनींचा फोन. भाऊ घामाने भिजलेले, छातीत धडधड, "मला काहीतरी होतंय" म्हणत घरभर फिरतायत. जवळच्या दवाखान्यात ईसीजी काढला, नीट होता. पुढचे चार दिवस तेच: सकाळी उठलं की रडू, दुपारी भीती. मी लेवोडोपा वाढवलं, फरक नाही. तेव्हा ओळखलं की अ‍ॅगोनिस्ट सुटल्यावर येणारा हा वेगळा त्रास आहे. लेवोडोपाने तो जात नाही, पुन्हा अ‍ॅगोनिस्ट दिल्यानेच जातो. दारू सुटताना होतं तसंच, फक्त इथे बाटली मी दिलेली.

त्याच आठवड्यात वहिनींना स्कूटरच्या डिक्कीत रिकामी पाकिटं सापडली. भाऊंनी माझी जुनी चिठ्ठी दाखवून दुकानातून गोळ्या आणल्या होत्या. चिठ्ठीवर जुनी मात्रा होती, तारीख कुणी बघितली नाही.

मी मागे आलो. २.२५ मिग्रॅ, आणि तिथून दर तीन आठवड्यांनी ०.३७५ खाली. जुन्या सगळ्या चिठ्ठ्या मागवून फाडल्या. आणखी एक गोष्ट चौकशीत निघाली. एका नातलगाच्या सांगण्यावरून भाऊ रोज रात्री दुधातून कवचबीजाचं चूर्ण घेत होते. कवचबीजात नैसर्गिक लेवोडोपा असतं, ते १९३७ मध्येच वेगळं काढलं गेलंय. औषध म्हणून ते थोतांड नाही, पण चमच्याने घेतलेल्या चूर्णात नेमकं किती ते कुणाला माहीत? एका बाजूने मी मिलिग्रॅमचे भाग मोजत होतो आणि दुसऱ्या बाजूने चमचा चालू होता. तो थांबवला.

पैशांचं कुलूप घरच्यांनी लावलं: पगाराचं खातं दोघांच्या नावे, यूपीआय बंद, भाऊंकडे बटणांचा फोन. भाऊंनी यातलं काहीही नाकारलं नाही. समुपदेशक बाईंनी त्यांना एक काम दिलं, खेळावंसं वाटलं की लिहायचं. भाऊंनी त्याची रोकडवही केली. डावीकडे त्या दिवसाची गोळ्यांची मात्रा, उजवीकडे इच्छा झाल्याच्या वेळा, खाली बेरीज. फेब्रुवारीत बेरीज रोज वीसच्या वर. एप्रिलअखेर दहाच्या आसपास. मात्रा १ मिग्रॅच्या खाली गेल्यावर दोन, तीन, काही दिवस शून्य. इतका नेटका आलेख मला कुठल्या मशीनने काढून दिला नसता.

पतसंस्थेचा प्रश्न

या सगळ्या काळात भाऊ रोज दुसऱ्यांचे पैसे मोजत होते. हा निर्णय मला औषधाच्या मात्रेपेक्षा जड गेला.

रुग्णाची गोष्ट बाहेर सांगायची नाही, हे पक्कं. पण ठेवीदार कोण, तर भाजीवाल्या, निवृत्त शिक्षक, बचत गटाच्या बायका. मी भाऊंना सरळ विचारलं, "रोकडीला हात लावलात?" ते चिडले नाहीत. म्हणाले, "पगाराची उचल घेतली. रोकड नाही. पण विचार आला होता, मार्चमध्ये." त्या 'पण'मुळे मी ठरवलं की त्यांना खिडकीवरून उठवायचंच.

शेवटी त्यांनी स्वतः टेबल बदलून मागितलं आणि मी दाखला लिहिला: कंपामुळे रोख मोजण्याचं काम अवघड, बैठं लेखी काम द्यावं. दाखल्यात खोटं काही नव्हतं, पण सगळं खरंही नव्हतं. संस्थेच्या हिशेबतपासणीत रोकड पैशापर्यंत जुळली. जुळली नसती तर तो दाखला मला कसा वाटला असता, याचं उत्तर मी अजून स्वतःला दिलेलं नाही.

पुन्हा करायचं तर

अ‍ॅगोनिस्ट दिल्याबद्दल मला अपराधी वाटत नाही. बहुतेकांना ते मानवतं. भाऊंना दिलं तेव्हाही कारण योग्य होतं. चुकलं ते न विचारणं आणि न सांगणं. आता पहिल्या चिठ्ठीच्या वेळी मी जोडीदाराला समोरच्या खुर्चीत बसवतो, मागे उभं राहू देत नाही. घरात जुगार-दारूचा इतिहास विचारतो. आणि सांगतो की रात्री फोन, खरेदी, गोड किंवा पलंगावरच्या मागण्या अचानक वाढल्या तर तो स्वभाव समजू नका, मला कळवा. शेवटचा मुद्दा बोलताना अजूनही आवाज खाली येतो. बायका तो ऐकून मान हलवतात, पुरुष बाहेर बघतात.

रुग्णाला एकट्याला विचारून भागत नाही. त्याला काही खुपतच नसतं, तो तक्रार कशाची करणार?

झोपेच्या गोळीबद्दलही. 'झोपत नाहीत' याच्यापुढे 'मग काय करतात?' एवढा एक प्रश्न होता. तो विचारला असता तर शेवटचे चार महिने आणि दोन-अडीच लाख वाचले असते, असा माझा अंदाज.

आणि मात्रा उतरवताना घरच्यांची घाई ही माझी घाई होऊ द्यायला नको होती.

आज

अ‍ॅगोनिस्ट जुलै २०२३ मध्ये पूर्ण थांबलं. पाटल्या पुढच्या दिवाळीत सुटून आल्या, उरलेल्या कर्जाचे हप्ते चालू आहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला तेव्हा भाऊंनी कात्रण आणून दाखवलं आणि म्हणाले, "माझं आधीच बंद झालं."

त्याआधीच्या एका भेटीत त्यांनी दुसरंच काही सांगितलं होतं. बाजारात भाजीवालीला शंभराऐवजी पाचशेची नोट गेली, घरी आल्यावर लक्षात आलं. "दिवसभर जिवाला चैन नाही. पोटात खड्डा पडल्यासारखं. दोन वर्षांत असं झालंच नव्हतं." सांगताना चेहऱ्यावर जवळजवळ आनंद होता. वहिनी म्हणाल्या, भाजीवालीने नोट परत दिली, तरी हे संध्याकाळपर्यंत हळहळतच होते.

किंमत हातांनी मोजली. लेवोडोपाचा असर आता साडेतीन तासांत उतरतो, उतरताना पाय जमिनीला चिकटतात आणि असर चढलेला असताना मान डोलत राहते. अक्षर पुन्हा बारीक झालंय. म्हणून मागच्या महिन्यात मेंदूत तार बसवण्याच्या शस्त्रक्रियेचा विषय काढला. मी कागदावर आकृती काढत होतो, तेवढ्यात वहिनींनी विचारलं, "यानं तसलं काही होतं का? रमीसारखं?"

उत्तर सरळ नाही. तार बहुधा सबथॅलॅमिक केंद्रात बसवतात, आणि 'जरा थांब, बघू' म्हणणारं केंद्र नेमकं तेच. शस्त्रक्रियेनंतर औषध कमी होतं म्हणून काहींचा उतावळेपणा उतरतो, काहींचा उलट वाढतो. ते सगळं सांगायला पाऊण तास लागला. बाहेर रांग होती. भाऊ ऐकत होते, वहिनी वहीत लिहून घेत होत्या. निर्णय अजून झालेला नाही, मुलगी सुट्टीला आली की पुन्हा येणार आहेत.